धन-अर्थिंगची जुनी मोटार ऋण-अर्थिंगवर कशी आणावी

बागाइतदाराच्या वाड्याच्या पडवींत किंवा गोठ्याशेजारच्या छपरांत अद्यापि कोठें कोठें एखादी जुनी विलायती मोटार अथवा ट्रॅक्टर जपून ठेवलेला आढळतो. वर्षांतून चार-दोन वेळां तो बाहेर निघतो, आणि बॅटरी नेमकी त्याच वेळीं संपलेली असते. तालुक्याच्या गांवाहून नवी बॅटरी येते. ती बसविणारा मनुष्य आजच्या रिवाजाप्रमाणें चासीकडील तार ऋण टोंकास व दुसरी तार धन टोंकास लावून मोकळा होतो. दिवे लागतात, स्टार्टर फिरतो, इंजिनही सुरू होतें. त्यामुळें कोणास शंका येत नाहीं. इंजिनाचा वेग वाढला म्हणजे मात्र कटआउटाच्या डबींतून जळका वास येऊं लागतो. यंत्र मुळांत धन-अर्थिंगचें होतें, आणि तें न जाणतां ऋण-अर्थिंगचें केलें गेलें, हेंच या नुकसानीचें कारण होय.

हाच बदल समजून-उमजून व क्रमानें केला तर तें अर्ध्या दिवसाचें काम आहे, आणि त्यांत खर्चही फारसा नाहीं. तो क्रम कोणता, आणि मुळांत या बदलाची गरज कोणास आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. उदाहरणादाखल इंग्लंडांत तयार झालेली जुनी लँड रोव्हर मोटार घेतली आहे. कारण ती शेतकऱ्यास डोळ्यांपुढें ठेवूनच निघालेली मोटार असून तिची विद्युत्-रचना त्या काळच्या बहुतेक इंग्रजी मोटारींसारखी व समजण्यास सोपी आहे.

अर्थिंग म्हणजे काय

विहिरीवरील पंपाचें अर्थिंग आपण सर्वच जाणतों. तेथें तार खरोखरच जमिनींत पुरलेली असते, व ती माणसाच्या जिवाच्या रक्षणाकरितां असते. मोटारगाडींतील अर्थिंग निराळें. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीच्या विजेचा जमिनीशीं कांहीं संबंध नसतो. प्रत्येक दिव्यास बॅटरीपासून जाणारी एक व परत येणारी दुसरी अशा दोन तारा ओढण्याऐवजीं परतीच्या वाटेचें काम गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे, म्हणजे चासीकडे, सोंपविलेलें असतें. बॅटरीचें जें टोंक चासीस जोडलें त्यावरून गाडीची जात ठरते. धन टोंक जोडलें असेल तर ती धन-अर्थिंगची, मेकॅनिकच्या भाषेंत पॉझिटिव्ह अर्थची. ऋण टोंक जोडलें असेल तर ऋण-अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह अर्थची.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. लाल तार म्हणजे धन आणि काळी तार म्हणजे ऋण, अशी आज सर्वांची समजूत असते. जुन्या इंग्रजी मोटारींत ती लागू पडत नाहीं. त्यांच्या तारांच्या रंगसंकेतांत काळा रंग अर्थिंगचा, मग तें धन असो वा ऋण. तपकिरी रंग बॅटरीकडून येणाऱ्या तारेचा, पांढरा इग्निशनचा आणि लाल बाजूच्या लहान दिव्यांचा. म्हणून तारेच्या रंगावर विश्वास न ठेवतां बॅटरीवर कोरलेल्या अधिक व उणे या खुणा पाहाव्या, आणि त्यांपैकीं कोणत्या टोंकाची तार चासीस गेली आहे तें हातानें माग काढून निश्चित करावें.

ही रीत कां पडली व कां गेली

लँड रोव्हर १९४८ सालच्या एप्रिल महिन्यांत ॲमस्टरडॅम येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँगलसी बेटावर शेतजमीन होती. तेथें वापरांत असलेल्या लष्करी जीपवरून त्यांस या मोटारीची कल्पना सुचली. महायुद्धानंतर इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती, म्हणून चासी पोलादी ठेवून वरचा भाग ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचा केला गेला. तिची बॅटरी १२ व्होल्टची असून धन टोंक चासीस जोडलेलें असे. १९६७ सालच्या सुमारास कारखान्यानें ही रीत सोडून ऋण-अर्थिंग स्वीकारलें.

शेतकरीवर्गास अधिक परिचित अशा कांहीं ट्रॅक्टरांची गोष्टही अशीच आहे. कॉव्हेंट्री येथें १९४६ पासून १९५६ पर्यंत पांच लाखांहून अधिक संख्येनें तयार झालेला करड्या रंगाचा फर्ग्युसन ट्रॅक्टर धन-अर्थिंगचा होता. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीचा १९४७ ते १९५२ या काळांतील ८-एन ट्रॅक्टरही धन-अर्थिंगचा, पण त्याची बॅटरी ६ व्होल्टची. व्होल्ट बदलणें आणि अर्थिंग बदलणें हीं दोन कामें अगदीं वेगळीं आहेत, त्यांची गल्लत होऊं देऊं नये. उलटपक्षीं, दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप जुनी असूनही मुळापासून ऋण-अर्थिंगची आहे. तेव्हां गाडी जुनी आहे एवढ्यावरून अनुमान बांधणें धोक्याचें होय.

धन-अर्थिंगच्या बाजूनें त्या काळीं मुख्यत्वें दोन कारणें सांगितलीं जात. पहिलें गंजाचें. ओलाव्याच्या ठिकाणीं विजेची गळती झाली म्हणजे धन बाजूची धातु खाल्ली जाते. ती झीज बारीक तारेस न लागतां जाड चासीस लागावी, हा हेतु. टेलिफोनच्या कचेऱ्यांत ४८ व्होल्टच्या बॅटरीचें धन टोंक अर्थ करण्याची जी पद्धति आजही चालू आहे, तिचें मूळ याच विचारांत आहे. दुसरें कारण ठिणगीचें. प्लगचें मधलें टोंक फार तापतें, आणि तापलेल्या धातूंतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून मधलें टोंक ऋण असल्यास कमी दाबावर ठिणगी पडते. परंतु ही सोय केवळ धन-अर्थिंगनेंच साधते असें नाहीं. कॉइलच्या दोन तारा योग्य बाजूंस लावल्या म्हणजे ऋण-अर्थिंगच्या गाडींतही ती साधतां येते, हें पुढें दिसून येईल.

ही रीत मागें पडण्याचें कारण नवीं उपकरणें. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९५६ सालच्या मोटारींपासून १२ व्होल्ट व ऋण-अर्थिंग सुरू केलें. १९६० पासून क्रायस्लर कंपनीनें डायनॅमोच्या जागीं अल्टरनेटर आणण्यास आरंभ केला. अल्टरनेटरमधील सिलिकॉनचे डायोड वीज एकाच दिशेनें जाऊं देतात. बॅटरी उलटी लागली तर ते क्षणांत जळतात. ट्रान्झिस्टरच्या रेडिओची अवस्थाही तीच. अशा उपकरणांचा प्रसार झाल्यावर सर्व कारखान्यांनीं एकच रीत पाळणें सोयीचें ठरलें, व १९६० नंतरच्या दशकांत इंग्रजी मोटारीही एकामागून एक ऋण-अर्थिंगवर आल्या.

बदल करावा कीं करूं नये

ज्याच्या गाडींत मूळचा डायनॅमो चालू स्थितींत आहे, रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविण्याचा विचार नाहीं, आणि गाडीची देखभाल एकाच जाणत्या हाताकडे आहे, त्यानें बदलाच्या भरीस पडूं नये. धन-अर्थिंग हा दोष नव्हे. त्यानें इंजिनाची शक्ति कमी होत नाहीं, कीं बॅटरीचें आयुष्य घटत नाहीं. शिवाय जुन्या मोटारीची किंमत तिच्या मूळ रूपांतही असते.

मात्र अल्टरनेटर बसवावयाचा असेल, आजच्या बाजारांत मिळणारीं उपकरणें वापरावयाचीं असतील, किंवा गाडी गडीमाणसांच्या व निरनिराळ्या मेकॅनिकांच्या हातीं जात असेल, तर बदल करणें शहाणपणाचें. कारण आज बॅटरीस हात लावणारा प्रत्येक मनुष्य ऋण-अर्थिंग गृहीत धरूनच काम करतो, आणि त्याची ती संवय आपल्या एका गाडीकरितां बदलणार नाहीं.

कोणत्या वस्तूंस दिशा कळते

गाडींतील विजेच्या वस्तूंचे या दृष्टीनें तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गांतील वस्तूंस दिशेशीं कर्तव्य नसतें. दिवे, हॉर्न, फ्यूज, बटनें, कंडेन्सर, डिझेल गाडींतील हीटर प्लग आणि जुन्या पद्धतीचा पेट्रोलदर्शक कांटा हीं जशीं आहेत तशींच चालतात. स्टार्टरबद्दल मात्र पुष्कळांस शंका वाटते. विहिरीवरील तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारा अदलाबदल केल्या कीं पंप उलटा फिरतो, हें आपण पाहिलेलें असतें. त्यावरून बॅटरी उलटी लावली तर स्टार्टरही उलटा फिरेल असें वाटणें साहजिक आहे. पण तसें होत नाहीं. जुन्या स्टार्टरमध्यें चुंबकत्व तारेच्या वेटोळ्यांनीं निर्माण होतें. वीज उलटी गेली म्हणजे बाहेरील वेटोळें व आंतील आर्मेचर या दोहोंचें चुंबकत्व एकदम उलटतें, आणि फिरण्याची दिशा पूर्वीचीच राहते. डायनॅमोच्या कटआउट व रेग्युलेटरची लुकास कंपनीची जुनी डबीही दोन्ही प्रकारें काम देते. अमेरिकी बनावटीच्या कांहीं रेग्युलेटरांवर मात्र अर्थिंगचा प्रकार लिहिलेला असतो. तेथें योग्य प्रकारचा रेग्युलेटर आणावा लागतो.

दुसऱ्या वर्गांतील वस्तूंच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात. इग्निशन कॉइल, अँमीटर, आणि ज्यांत कायमचा लोहचुंबक आहे अशी वायपरची किंवा पंख्याची लहान मोटार, या वस्तु या वर्गांत येतात. कायमच्या चुंबकाची मोटार वीज उलटतांच उलटी फिरते. डायनॅमोही याच वर्गांतला, पण त्याच्या तारा बदलावयाच्या नसून त्याचें चुंबकत्व बदलावयाचें असतें.

तिसऱ्या वर्गांतील वस्तूंस स्वतः हात न लावणें बरें. रेडिओ, विजेचें घड्याळ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इंजिनाचे फेरे दाखविणारें इलेक्ट्रॉनिक यंत्र, आणि ज्यांत पुढें डायोड बसविला आहे असा विजेचा पेट्रोलपंप, या वस्तु उलट्या विजेनें जळतात. त्या सोडवून ठेवाव्या व जाणकारास दाखविल्याखेरीज पुन्हां जोडूं नयेत. केवळ संपर्कबिंदूंवर चालणारा जुना एस्. यू. पेट्रोलपंप मात्र दोन्ही प्रकारें चालतो.

कामाचा क्रम

आरंभीं सर्व बटनें बंद करावीं. हातांतील अंगठी, कडें, घड्याळ काढून ठेवावें. बॅटरीजवळ विडी अगर दिवा नेऊं नये. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो. प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी, अथवा मोबाईलमध्यें तिचें चित्र घेऊन ठेवावें.

पहिलें काम बॅटरीचें. ज्या तारेनें बॅटरी चासीस जोडली आहे ती तार प्रथम सोडवावी, दुसरी नंतर. क्रम उलटा झाला व पाना चासीस टेकला तर बॅटरीची सर्व शक्ति त्या पान्यांतून वाहते, आणि हात भाजतो. तारा सुटल्यावर बॅटरी उचलून टोंकें फिरवून ठेवावी. येथें एक अडचण येते: बॅटरीचें धन टोंक ऋण टोंकापेक्षां जाड असतें, सबब जुन्या कड्या अदलाबदल केल्यास एक बसत नाहीं व दुसरी सैल राहते. कडी हातोड्यानें ठोकून बसवूं नये; तसें केल्यास बॅटरीचें टोंक आंतून सुटतें. दोन्ही कड्या नव्या घ्याव्या. चासीवर तार जेथें बसते ती जागा, तसेंच इंजिन व चासी यांस जोडणारी पट्टी, घांसून चकचकीत करावी. लँड रोव्हरसारख्या गाडींत ॲल्युमिनियम व पोलाद यांच्या सांध्यांत पांढरी बुरशी धरते, तीही साफ करावी. बॅटरी अद्याप जोडावयाची नाहीं.

दुसरें काम कॉइलचें. जुन्या कॉइलवर एस्. डब्ल्यू. व सी. बी. अशीं अक्षरें असतात. त्यांवरील बारीक तारा परस्परांच्या जागीं लावाव्या. नव्या कॉइलवर अधिक व उणे अशा खुणा असतात. तेथें डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी तार उणे खुणेवर आली पाहिजे. असें केल्यानें प्लगचें मधलें टोंक पूर्वीप्रमाणेंच ऋण राहतें. हें काम राहून गेलें तरी इंजिन चालतें; पण थंडींत सुरू होण्यास कुरकुर करतें आणि भाराखालीं चुकतें.

तिसरें काम अँमीटरचें. त्याच्या मागील दोन तारा अदलाबदल कराव्या, नाहीं तर बॅटरी भरत असतां कांटा ती रिकामी होत असल्याचें दाखवील.

चौथें काम डायनॅमोचें, व तेंच सर्वांत महत्त्वाचें. डायनॅमो थांबलेला असतांही त्याच्या लोखंडांत थोडें चुंबकत्व शिल्लक असतें. त्यावरूनच तो धन कोणीकडे व ऋण कोणीकडे हें ठरवितो. बॅटरी उलटली पण हें चुंबकत्व तसेंच राहिलें, तर इंजिनाचा वेग वाढतांच कटआउट मिटतो, आणि डायनॅमो व बॅटरी एकमेकांस विरोध न करतां एकाच दिशेनें जोर लावतात. दोहोंचा मिळून चोवीस व्होल्टांच्या आसपास दाब त्या लहान डबींतून जातो, व संपर्कबिंदु वितळून चिकटतात. लेखाच्या आरंभीं सांगितलेला जळका वास तो हाच.

लुकास डायनॅमोचें चुंबकत्व बदलण्याची रीत अशी. त्याच्यावरील दोन तारा सोडवाव्या. मोठें टर्मिनल डी चें व लहान एफ चें. आतां बॅटरी जोडावी: प्रथम धन टोंकास गाडीची मुख्य तार, आणि शेवटीं ऋण टोंकास चासीची तार. मग एक सुटी तार घेऊन तिचें एक टोंक आधीं बॅटरीच्या धन टोंकास पक्कें करावें, आणि दुसरें टोंक डायनॅमोच्या एफ टर्मिनलला दोन-तीन वेळां क्षणभर टेकवावें. बारीक ठिणगी दिसेल. तींतून सुमारें दोन अँपियर वीज जाते, त्यामुळें धोका नाहीं. ठिणगी बॅटरीजवळ न पडतां डायनॅमोजवळ पडावी, याचसाठीं हा क्रम सांगितला आहे. एवढ्यानें काम होतें. सुटी तार काढून डी व एफ च्या मूळ तारा आपापल्या जागीं लावाव्या. ही रीत लुकास डायनॅमोची आहे. इतर बनावटीच्या डायनॅमोंत वेटोळ्यांची जोडणी निराळी असते, म्हणून त्यांकरितां त्या त्या यंत्राचें माहितीपुस्तक पाहूनच वागावें.

शेवटीं परीक्षा. इंजिन बंद असतां मोठे दिवे लावावे. अँमीटरचा कांटा रिकामें होण्याच्या बाजूस गेला पाहिजे. मग दिवे विझवून इंजिन सुरू करावें व वेग थोडा वाढवावा. कांटा भरण्याच्या बाजूस आला पाहिजे. व्होल्टमीटर असल्यास पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यांत सुमारें १२·६ व्होल्ट दाखविते, आणि डायनॅमो चालू झाल्यावर तो आंकडा १४ च्या जवळ जातो. कांटा जोरानें एका बाजूस आदळला किंवा वास आला तर इंजिन लगेच बंद करून चासीची तार सोडवावी, व डायनॅमोचें काम पुन्हां तपासावें.

साखळी आणि उसनी वीज

ज्यांनीं बदल न करतां गाडी धन-अर्थिंगचीच ठेवावयाची ठरविली, त्यांनीं एक प्रसंग विशेष ध्यानांत ठेवावा. बंद पडलेली मोटार ट्रॅक्टरला लोखंडी साखळीनें बांधलेली आहे, आणि ओढून पाहण्यापूर्वीं कोणी म्हणतो कीं ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जरा वीज देऊन पाहूं. मोटारीची चासी धन आणि ट्रॅक्टरची चासी ऋण. धन टोंकास धन व ऋण टोंकास ऋण अशा तारा बिनचूक जोडल्या तरी साखळी त्या दोन चासी एकत्र आणते, म्हणजे बॅटरीचीं दोन टोंकेंच थेट जोडते. तारा तापून लाल होतात, आणि बॅटरी फुटून आम्ल अंगावर उडण्याचा संभव असतो. अशा वेळीं साखळी आधीं काढावी, दोन्ही यंत्रांमध्यें हातभर अंतर ठेवावें, बंपर अगर अवजार कोठेंही टेकलेलें नाहीं हें पाहावें, व तारा बॅटरीवरील खुणा पाहूनच जोडाव्या, चासी पाहून नव्हे.

दुसरी एक चूक येथेंच सांगणें योग्य होईल. जुनी बॅटरी पूर्ण रिकामी करून उलट्या दिशेनें चार्ज केली म्हणजे तिचीं टोंकें बदलतात, असें कोणी कोणी सुचवितात. त्यानें बॅटरीच्या पट्ट्या कायमच्या नासतात. बॅटरी बदलावयाची नसून फक्त तिची जोडणी बदलावयाची आहे.

पाटी

हें सर्व यथासांग झाल्यावर उरलेलें काम दोन मिनिटांचें आहे, पण त्यावांचून बाकीचें व्यर्थ जाण्याचा संभव असतो. बॅटरीच्या झांकणावर व चालकासमोरील पत्र्यावर रंगानें ठळक लिहावें: "ऋण-अर्थिंग केलें आहे", व खालीं तारीख. धन टोंकाच्या तारेस लाल रंग द्यावा. ज्यानें बदल केला नाहीं त्यानेंही "धन-अर्थिंग" अशी पाटी अवश्य लावावी. गाडीसोबतच्या कागदांत कॉइल, अँमीटर व डायनॅमो यांचें काय केलें त्याची नोंद ठेवावी. कारण जुनें माहितीपुस्तक उघडून पाहणारास तेथें मूळचीच रचना आढळेल, व त्याप्रमाणें तो सर्व पुन्हां उलटें करून ठेवील.

जुनें यंत्र बहुधा एका पिढीकडून दुसरीकडे जातें. आज आपल्यास ठाऊक असलेली गोष्ट उद्यां मुलास किंवा गड्यास ठाऊक असेलच असें नाहीं, आणि बॅटरी संपण्याची वेळ बहुतकरून रात्रीची, पावसाची व घाईची असते. त्या वेळीं कंदिलाच्या उजेडांत वाचतां येईल अशी एक ओळ पत्र्यावर असणें, हा या सर्व कामांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग होय.